‘आज काय करायचं?’ या प्रश्नाचा हिशेब

महागाईची चर्चा निघाली की तुरीचा भाव निघतो, तेलाचा निघतो, कांद्याचा तर निघतोच. संध्याकाळी सात वाजता घरोघरी विचारल्या जाणाऱ्या ‘आज काय करायचं?’ या प्रश्नाचा भाव मात्र कुणी काढत नाही. दिवसभर राबून, लोकलला लटकून माणूस घरी येतो आणि फ्रिज उघडतो. रविवारी आणलेली मेथी पिवळी पडलेली असते. मटकी भिजत घालायची राहून गेलेली असते. कणीक मळायचं त्राण नसतं. मग हात फोनकडे जातो आणि अर्ध्या तासात दारावर कुणीतरी पिशवी घेऊन उभं राहतं. दुसऱ्या दिवशी मेथी ओल्या कचऱ्याच्या डब्यात जाते. पैसे मेथीचेही गेले आणि पिशवीचेही, जेवण मात्र एकच झालं.

हे घराघरांत किती घडतं याचा अंदाज सरकारी आकड्यांवरून येतो. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या कौटुंबिक उपभोग खर्च पाहणीनुसार शहरात माणशी महिन्याचा सरासरी खर्च ६,९९६ रुपये आहे आणि खेड्यात ४,१२२ रुपये. यातला शहरात सुमारे ४० टक्के आणि खेड्यात ४७ टक्के भाग खाण्यापिण्यावर जातो. त्यातही सर्वांत मोठा वाटा धान्याचा नाही, दुधाचा नाही, भाजीचाही नाही. तो आहे पेयं, तयार आणि प्रक्रिया केलेल्या पदार्थांचा: शहरात एकूण खर्चाच्या ११ टक्क्यांच्या आसपास, खेड्यात जवळजवळ १०. गहू, तांदूळ, ज्वारी, बाजरी सगळं मिळून खेड्यातसुद्धा पाच टक्क्यांच्या घरात. आपण काटकसर करायला निघतो ती मात्र नेमकी याच पाच टक्क्यांत. या दुकानात गहू दोन रुपयांनी स्वस्त, त्या दुकानात तांदूळ तीन रुपयांनी, आणि या दोन-तीन रुपयांसाठी रिक्षा करून जायचं.

बाहेरचं खाणं वाईट, असं मला अजिबात म्हणायचं नाही. शनिवारी सगळ्यांनी मिळून मिसळ खायला जाणं हा घराच्या सुखाचा भाग आहे आणि तो राहावा. माझा रोख न ठरवता झालेल्या खर्चावर आहे. या लेखासाठी निरनिराळ्या घरांतल्या फळ्या, डबे, वह्या आणि फ्रिज पाहिले, बायकांशी आणि थोड्याफार पुरुषांशी बोलले. ज्या घरात महिन्याचा खर्च आटोक्यात होता, तिथे स्वस्त खरेदी हे कारण क्वचितच निघालं. घरात काय आहे आणि ते कधी खाल्लं जाणार आहे, हे तिथे माहीत होतं.

मुंबईतल्या हजारो कुटुंबांना ही सवय एका चळवळीने लावली. बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने पुण्यात ग्राहक पंचायतीचं काम सुरू झालं आणि १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. ते दिवस टंचाईचे होते. १९७२ च्या दुष्काळानंतर रेशनवर मिलो ज्वारी खाल्लेली पिढी तेव्हा संसार करत होती. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने १९७२ सालीच महागाईविरोधी महिला समिती स्थापन झाली होती आणि बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. मोर्चा हा एक मार्ग होता. ग्राहक पंचायतीने दुसरा काढला: शेजारपाजारच्या कुटुंबांनी एक संघ करायचा, पुढच्या महिन्याच्या वाणसामानाची मागणी आधी नोंदवायची, पैसे भरायचे, आणि ठरलेल्या दिवशी एका घरी माल उतरला की सभासदांनीच तो वाटून घ्यायचा.

या पद्धतीत भावात बचत होते हे उघड आहे. तरी जुन्या सभासद बायकांशी बोलल्यावर मला वाटू लागलं की खरी बचत त्या मागणीच्या कागदात होती. ठाण्यातल्या एक आजी, ज्यांच्या हॉलमध्ये वर्षानुवर्षं माल उतरत असे, सांगत होत्या, “यादी भरायला बसलं की आपोआप डबे उघडावे लागायचे. हरभराडाळ किती उरलीय? पोहे लागतील का? पुढच्या महिन्यात श्रावण, मग साबुदाणा जास्त. पाहुणे कोण येणारेत? सगळं त्या एका संध्याकाळी ठरायचं. आणि एकदा यादी गेली की गेली. मग महिनाभर ‘अगं हे आणायचं राहिलं’ असं म्हणून दुकानात पळायची सोय नव्हती. आहे त्यात भागवायचं.” आज बोट टेकवलं की दहा मिनिटांत कोथिंबीर दारात येते. ही सोय फार मोठी आहे, आणि तिची किंमतही तेवढीच मोठी आहे, कारण तिने डबे उघडून पाहण्याची गरजच संपवली.

त्याच्याही मागची व्यवस्था बेगमीची. फाल्गुन-चैत्रात रब्बीचा गहू बाजारात येतो, मंगळवेढ्याकडची मालदांडी ज्वारी येते, त्याआधी लातूरकडची नवी तूर आलेली असते. संकेश्वरी आणि ब्याडगी मिरच्यांचे ढीग लागतात. सांगलीची हळद, नवा गूळ, नवी चिंच, सगळं याच दोन-तीन महिन्यांत. आवक सर्वांत जास्त तेव्हा भाव सर्वांत उतरलेला, आणि वर कडक ऊन फुकट. म्हणून वर्षाचं धान्य याच दिवसांत भरायचं, मिरच्या-हळद कांडपावर द्यायची, कुरडया, पापड, सांडगे, शेवया गच्चीवर वाळत घालायच्या. किनारपट्टीवर हेच गणित समुद्राच्या हिशेबाने चालतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणून मे महिन्यात आगोट भरायची: सुके बोंबील, जवळा, बांगडा, आमसुलं, चिंचेचे गोळे. गोव्यात याला पुरुमेंत म्हणतात आणि मडगावला त्याचं फेस्तच भरतं.

कांद्याचं उदाहरण घ्या, कारण त्यावर दरवर्षी रडारड होते. पावसाळ्याच्या शेवटापासून थंडीपर्यंत येणारा लाल कांदा ओला असतो, पंधरा-वीस दिवसांत त्याला कोंब फुटतात किंवा तो सडतो. मार्च-एप्रिलपासून येणारा उन्हाळ कांदा मात्र चाळीत चार-पाच महिने टिकतो. लासलगावचा शेतकरी तो चाळीत ठेवतो तसा आपणही घरात ठेवू शकतो: पातळ थर, वारा खेळता, बटाट्यापासून लांब, प्लॅस्टिकच्या पिशवीत मुळीच नाही. एप्रिल-मेमध्ये वीस-पंचवीस किलो उन्हाळ कांदा आणून टोपल्यांत टांगून ठेवणारी घरं ऑक्टोबरमध्ये भाव चढतो तेव्हा निवांत असतात. लसणाचंही असंच. टोमॅटो मात्र असा साठवता येत नाही. जुलै २०२३ मध्ये काही शहरांत तो किलोला दोनशेच्या वर गेला तेव्हा आमटीत आमसूल, चिंच, कैरी घालणाऱ्या घरांना फारसा फरक पडला नाही. आंबटासाठी टोमॅटोच हवा, ही आपल्या स्वयंपाकघराची जुनी अट कधीच नव्हती.

धान्य टिकवण्याचं जुन्या बायकांचं ज्ञान पक्कं होतं. कडकडीत उन्हात दिलेल्या दाण्यातला ओलावा उतरला की सोंडे-टोके वाढत नाहीत. कडधान्याला एरंडेल तेलाचा हात लावला की भुंग्याची अंडी दाण्यावर उबत नाहीत. कडुनिंबाचा वाळवलेला पाला कोठीच्या तळाशी आणि वर. हे सगळं आजही चालतं. गोदामात धान्याला धुरी देण्यासाठी ज्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या असतात, त्या घरात कधीही आणू नयेत. त्यातून विषारी वायू सुटतो आणि बंद खोलीत त्याने माणसं दगावतात. कुणी ‘एकच गोळी टाका, वर्षभर बघायला नको’ असं सांगितलं तर त्या माणसाकडून धान्यही घेऊ नये.

आता एक स्पष्ट मत. वन बीएचकेत वर्षाचा गहू भरू नये. मुंबई-ठाणे-पनवेलच्या दमट हवेत तर नाहीच. माडी, कोठीघर, गच्ची आणि घरातल्या चार बायकांचे हात असताना जी व्यवस्था उभी राहिली ती चारशे-साडेचारशे चौरस फुटांत आणि दोघांच्या नोकरीत जशीच्या तशी बसत नाही. ती बसवायला गेलं की पलंगाखालची पोती, पोत्यांतले किडे आणि शेवटी निम्मा गहू पाखरांना, असं होतं. डाळ-तांदूळ-गहू दोन-तीन महिन्यांचे, आणि मिरची, हळद, गूळ, चिंच, आमसूल, कांदा-लसूण हंगामात भरलेले, एवढी बेगमी आजच्या घराला झेपते आणि फायद्याची ठरते. जागा आणि ऊन असेल त्या गावाकडच्या घरांनी जरूर वर्षाचं भरावं.

मात्र त्या जुन्या व्यवस्थेबद्दल हळवं होताना एक गोष्ट नजरेआड होते. ती सगळी एका बाईच्या डोक्यात असायची. कुठल्या डब्यात काय, किती दिवस पुरेल, कोण काय खात नाही, चतुर्थी कधी, पाहुणे किती, दूध कधी वाढवायचं, गॅसचं सिलिंडर कधी लावलं. या कामाला मोल नव्हतं, कारण ते दिसत नव्हतं. केंद्र सरकारच्या २०२४ च्या कालवापर पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका रोज सरासरी २८९ मिनिटं त्यात घालवतात असं आढळलं. ज्या पुरुषांनी असं काम केलं त्यांची सरासरी ८८ मिनिटं. आणि या मिनिटांत भांडी घासणं येतं, पोळ्या लाटणं येतं. आंघोळ करताना ‘उद्या डब्याला काय’ याचा जो विचार चालू असतो, तो कुठल्या रकान्यात येणार?

डोंबिवलीतल्या एका घराने या प्रश्नाचं उत्तर शोधलं. घरात चौघं: सासूबाई, मुलगा, सून आणि शाळकरी नात. दोघं नोकरीला, दोघांचाही रोजचा दीड-दीड तास गाडीत. स्वयंपाकघराचं सगळं गणित सासूबाईंच्या डोक्यात. मग त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. काही दिवस ओट्यापाशी जायची बंदी. त्या दिवसांत घरात डाळ आहे की नाही हेच कुणाला सांगता येईना, म्हणून डाळ आणली. मग पिंपात आणखी सापडली. बाहेरून डबा लावला, वर पोळीवाल्या मावशी, वर आयत्या वेळी मागवलेलं. महिनाअखेरीला खर्च पाहून मुलाने सुट्टीच्या दिवशी फळ्या रिकाम्या करायला घेतल्या.

मी गेले तेव्हा जमिनीवर चादर पसरून सगळं मांडलेलं होतं. साबुदाण्याची तीन पाकिटं, तिन्ही उघडलेली, कारण प्रत्येक उपवासाला आधीचं सापडलं नव्हतं. राजगिऱ्याचं पीठ, गेल्या नवरात्रातलं. वरईला जाळी. खाण्याच्या सोड्याच्या दोन डब्या, बेकिंग पावडरच्या तीन. पावभाजी मसाल्याची अर्धी-अर्धी चार पाकिटं, त्यांच्या तोंडाला वेगवेगळ्या रंगांची रबरं. कुणाच्या तरी लग्नात मिळालेला सुका मेवा, खवट झालेला. ओट्सचा मोठा डबा, ज्याला आरोग्याच्या एका संकल्पानंतर कुणी हात लावला नव्हता. नातीने टाकायच्या वस्तू वजनकाट्यावर ठेवून वहीत लिहिल्या, आणि त्यांच्यापुढे किमती लिहायला लागल्यावर आजीने तिला थांबवलं. “पुरे गं, जीव तुटतो.”

मग त्यांनी जे लावलं ते नेटकं होतं, आणि चित्रातल्यासारखं बिलकूल नव्हतं. एकसारख्या काचेच्या बरण्यांवर त्यांनी एक रुपया घातला नाही. होते तेच स्टीलचे डबे आणि कॉफीच्या रिकाम्या बरण्या. रोज लागणारं ओट्यालगत, हात पोचेल असं. आठवड्यातून लागणारं डोळ्यांच्या उंचीवर. सठीसामाशी लागणारं वर, पण वर्षातून एकदाच लागणारं घरात ठेवायचंच नाही, तेव्हा पावशेर आणायचं. प्रत्येक डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटपट्टी आणि तीवर भरल्याची तारीख. नवीन डाळ आणली की आधी डब्यातली जुनी ताटात काढायची, नवी खाली, जुनी वर. आणि उघडलेल्या सगळ्या पाकिटांची एकच टोपली. त्या टोपलीत पोहे असतील तर पोह्यांचं दुसरं पाकीट फोडायचं नाही, हा घरचा कायदा. फ्रिजच्या दाराला दोरीने बांधलेली वही आणि पेन्सिल. जो शेवटचा चमचा काढेल त्याने लिहायचं.

सासूबाईंना हे सुरुवातीला रुचलं नाही. “माझ्या डोक्यात सगळं असतं, वही कशाला?” सुनेचं उत्तर मला फार आवडलं: “आई, तुमच्या डोक्यात आहे म्हणूनच ते आम्हाला दिसत नाही. तुम्ही सांगा, हा लिहील.” आणि तसंच झालं. मुलगा लिहायला बसला, आई सांगत गेली. मेतकूट किती दिवस जातं, भाजणीला कुठलं धान्य किती, गोडा मसाला वर्षातून कधी करायचा, कुळथाचं पीठ पावसात का लागतं. आता दर शनिवारी संध्याकाळी मुलगा आणि नात फळ्या बघून यादी करतात. या घरातला सर्वांत मोठा बदल फळ्यांवरचा नव्हता. सात वाजताचा प्रश्न सोडवायचं माणूस बदललं. आता तो प्रश्न विचारला जात नाही, त्याचं उत्तर कागदावर वाचलं जातं.

त्यांचा कागद पदार्थांवरून सुरू होत नाही, भाजी किती टिकते यावरून सुरू होतो. रविवारी बाजार. पालेभाजी रविवारीच निवडून, न धुता, सुती कापडात गुंडाळून ठेवायची आणि सोमवार-मंगळवारी संपवायची. मग भेंडी, गवार, दोडका. बुधवारनंतर दुधी, भोपळा, कोबी, गाजर. गुरुवारचं कडधान्य असतं, म्हणून मंगळवारी रात्री मटकी भिजते, बुधवारी सकाळी कापडात बांधली जाते. थंडीत एक दिवस आधी. भिजून मोड आल्यावर मटकीचं वजन दुपटीच्या पुढे जातं, एवढी स्वस्त आणि भरघोस भाजी दुसरी नाही. शुक्रवारची रात्र मुद्दाम मोकळी: उरलंसुरलं संपवायचं. शनिवारी बाहेर, आणि ते ‘बाहेर’ कागदावर लिहिलेलं असतं, त्याचे पैसे वेगळे काढलेले असतात.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाची वाटली ती अडीनडीची जेवणं. कितीही ठरवलं तरी आठवड्यात एक दिवस गाडी बंद पडते, मीटिंग लांबते, कुणाला ताप येतो. बेत कोसळतो तो अशाच दिवशी. म्हणून या घरात तीन जेवणांचं सामान कायम असतं आणि ते दुसऱ्या कशाला वापरायचं नाही: पिठलं-भात, मुगाच्या डाळीची खिचडी, भाजणीचं थालीपीठ. तिन्ही पंचवीस मिनिटांच्या आत ताटात येतात. भाजणी ही आपल्या आज्यांनी शोधलेली झटपट खाण्याची वस्तू आहे, आणि पाकिटातल्या कुठल्याही झटपट खाण्यापेक्षा अंगी लागणारी. दळण घरात असेल, कांदा असेल, लोण्याचा गोळा असेल तर कुणालाही फोन करावा लागत नाही.

किती आणायचं, याचा अंदाज मात्र बहुतेक घरांत सवयीने चालतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने सुचवलेलं दिवसाचं ताट त्यासाठी उपयोगी पडतं. २,००० कॅलरींच्या त्या ताटात माणशी रोज २५० ग्रॅम तृणधान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं, ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळं, ३०० मिलिलिटर दूध, ३५ ग्रॅम दाणे-तीळ-सुकामेवा आणि २७ ग्रॅम तेल-तूप आहे. चार माणसांचा महिना धरला तर तीस किलो धान्य, दहा किलोच्या आसपास डाळी-कडधान्यं आणि सव्वातीन किलो तेल-तूप. यादी घेऊन ताडून पाहा. मी पाहिलेल्या याद्यांत तेल याच्या दीडपट होतं आणि डाळी निम्म्या. भाजी तर आठवड्याला अकरा किलो हवी, आपण पावशेर भेंडीत चौघांना बसवतो आणि बाकीची भूक बिस्किटं-फरसाणाने भरतो. म्हणजे काटकसर कुठे करायची हेच उलटं झालेलं आहे. तेल कमी केलं आणि ते पैसे हरभऱ्या-मटकीत घातले तर खर्च वाढत नाही आणि पोट भरतं.

माप महत्त्वाचं ते रांधतानाही. कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ १९७० साली आलं आणि मराठी घरांत वाटी-चमच्याचं माप रुजलं. नव्या नवऱ्या ते पुस्तक घेऊन परगावी, परदेशी गेल्या त्या चव बिघडू नये म्हणून. त्या मापाचा दुसरा उपयोग कुणी फारसा बोलून दाखवला नाही: किती जणांना किती, हे कळलं की उरत नाही. भाताची वाटी आणि आमटीचं पातेलं प्रत्येक घराने एकदा मोजून ठरवावं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालात भारतातल्या घरांत माणशी वर्षाला सुमारे ५५ किलो अन्न वाया जातं असा अंदाज आहे. त्यात साली-बियाही धरलेल्या आहेत. तरी चौघांच्या घरात ते वर्षाला सव्वादोनशे किलोच्या जवळ जातं.

उरलेल्याचं काय करायचं हे आपल्याला शिकवावं लागत नाही. शिळ्या पोळीचा कुस्करा आणि गूळ-तुपाचा लाडू, फोडणीचा भात, उरलेल्या आमटीत वरणफळं, आंबट ताकाची कढी, दोडक्याच्या शिरांची आणि दुधीच्या सालांची चटणी, मुळ्याच्या पाल्याचा झुणका, कोथिंबिरीच्या देठांचं वाटण, फणसाच्या आठळ्या भाजून आमटीत. पुरणपोळीच्या दिवशी कटाची आमटी होते ती यातूनच. एक मात्र खटकतं. बहुतेक घरांत हे सगळं बाई एकटी खाते. बाकीच्यांना ताजी पोळी आणि तिला रात्रीची, असं असेल तर त्याला बचत म्हणू नये. शुक्रवारच्या मोकळ्या रात्रीचा नियम मला आवडतो तो यासाठी की उरलेलं सगळ्यांच्या ताटात समान पडतं.

खरेदीबद्दल दोनच गोष्टी. पाकिटावर आता एकक विक्री किंमत छापलेली असते, म्हणजे ग्रॅमला किंवा किलोला किती पडलं ते. मोठ्या अक्षरातल्या सवलतीऐवजी ती बारीक ओळ वाचावी. पाकिटं पूर्वीसारखी ठरावीक वजनाची राहिलेली नाहीत; तेलाच्या दोन सारख्या दिसणाऱ्या पिशव्यांतलं वजन वेगळं असू शकतं, आणि एक लिटर तेल भरतं साधारण ९१० ग्रॅम. दुसरी गोष्ट, १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या धान्य-डाळींवर ५ टक्के जीएसटी लागू झाला. सुट्ट्यावर तो नाही, २५ किलोच्या वरच्या पोत्यावरही नाही. चार घरांनी मिळून पोतं घेतलं तर फरक पडतो तो इथे.

आणि इथेच या लेखाचा सर्वांत अवघड भाग येतो. महिन्याचं आधी ठरवायला महिन्याचे पैसे आधी हातात असावे लागतात. ज्याला रोज संध्याकाळी रोज मिळतो तो रोज संध्याकाळी छटाकभर तेल, पावशेर डाळ आणि दोन कांदे घेतो. किलोमागे सर्वांत जास्त भाव देणारा हाच माणूस असतो. रेशनवर प्राधान्य कुटुंबांना माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य २०२३ पासून मोफत मिळतं, त्याचा आधार मोठा आहे. पण डाळ, तेल, भाजी बाजारातूनच येते. अशा घराला ‘नियोजन करा’ असं सांगणं अन्यायाचं आहे, आधी त्यांच्यासाठी पैशाची जुळणी व्हावी लागते.

हडपसरच्या बाजूला घरकाम करणाऱ्या बायकांचा एक गट आहे. त्यांनी ही जुळणी स्वतः केली. आधी त्यांची नेहमीची भिशी होती, जिची पाळी येईल ती पैसे घेऊन जाई, आणि ते पैसे मुलांच्या फीला किंवा नवऱ्याच्या कर्जाला लागत. मग त्यांनी दुसरी भिशी काढली, फक्त किराण्याची. दर आठवड्याला ठरलेली रक्कम, हातात कुणालाच पैसे नाहीत. महिन्याच्या दहा तारखेच्या आसपास दोघीजणी मार्केट यार्डात जातात, तूरडाळ, मूगडाळ, शेंगदाणे आणि साखर पोत्याने घेतात, टेम्पो भाड्यासह हिशेब वहीत लिहितात. वाटप मंदिराच्या सभामंडपात. वजनकाटा भंगारवाल्याकडून घेतलेला, पण त्या आधी दुकानातल्या किलोच्या पाकिटाने तो तपासतात.

मी बसले होते त्या दिवशी वाटप चालू होतं. एकजण ओळीने नावं पुकारत होती, दुसरी मापत होती, तिसरी पिशवीला गाठ मारत होती. एका तरुण मुलीने सांगितलं, “ताई, आधी आठवडा संपायच्या आत डाळ संपायची. मग वडापाव. आता डाळ घरात असते म्हटल्यावर पोरांना सांगता येतं, कुकर लावा.” तिची पोरं, नऊ आणि अकरा वर्षांची, वरण-भाताचा कुकर लावतात. तिनेच शिकवलंय: डाळ शाळेतून आल्यावर भिजत घालायची, म्हणजे शिट्ट्या कमी लागतात आणि गॅस वाचतो.

गटात भरती मागणाऱ्या बायका वाढल्यात. पण त्यांनी आकडा वाढू दिलेला नाही, कारण सभामंडपात एका दुपारी तेवढंच वाटून होतं. नव्यांना त्या वेगळा गट काढून देतात आणि पहिले दोन महिने वही लिहायला आपली एक बाई पाठवतात. दिवाळीसाठी रवा, हरभराडाळ आणि साखर गणपतीनंतर लगेच घेऊन ठेवली. आता पंधरा किलोचा तेलाचा डबा घ्यायचं चाललंय. शेंगदाण्याचं घ्यायचं की सोयाबीनचं यावर अजून एकमत झालेलं नाही, आणि सांडू न देता मापायचं कसं, यासाठी एकजण दुधाच्या डेअरीतून जुनं लिटरचं माप मिळतं का ते बघून येणार आहे.